‘डिड नॉट वेंट’ का चुकतं?

इंग्रजी शिकताना ‘आय डिड नॉट वेंट’ असं एकदाही न म्हटलेला मराठी माणूस सापडणं कठीण. चूक करणाऱ्याच्या बाजूने तर्कही असतो. ‘मी गेलो’ला नकार द्यायचा तर आपण ‘मी गेलो नाही’ म्हणतो, म्हणजे ‘गेलो’ जागचा हलत नाही. मग ‘वेंट’ने काय घोडं मारलं? त्याला ‘गो’ का व्हावं लागतं?

यावर उत्तर म्हणून एक नियम हातात ठेवला जातो: ‘डिड’नंतर क्रियापदाचं मूळ रूप. नियम पाठ होतो, परीक्षेत गुणही मिळतात, पण बोलायच्या घाईत जीभ पुन्हा ‘वेंट’वर घसरते. त्या नियमामागे एक साधी यंत्रणा आहे, ती फारशी कुणी सांगत नाही.

इंग्रजी वाक्यात काळाचा शिक्का एकदाच बसतो, आणि सहायक क्रियापद असेल तर त्याच्यावरच बसतो. ‘शी हॅज कम’मध्ये तो ‘हॅज’वर आहे, ‘शी वॉज कमिंग’मध्ये ‘वॉज’वर. ‘नॉट’लाही नेमकं हेच पहिलं सहायक क्रियापद लागतं, त्याच्या पाठोपाठ तो बसतो. ‘शी हॅज नॉट कम’, ‘शी वॉज नॉट कमिंग’. इथवर सोपं आहे. अडचण येते ती ‘शी केम’सारख्या वाक्यात. इथे सहायक कुणीच नाही, त्यामुळे ‘नॉट’ला टेकायला जागा नाही. अशा वेळी इंग्रजी ‘डू’ला बोलावते. तो आला की काळाचा शिक्का त्याच्या अंगावर जातो, ‘डू’चा ‘डिड’ होतो आणि ‘केम’ मोकळा होऊन ‘कम’ उरतो. ‘ही गोज’मधला शेवटचा ‘ज’सुद्धा असाच उडी मारून ‘डज’वर जातो, म्हणून ‘डज नॉट गोज’ चूक. या ‘डू’ला स्वतःचा अर्थ नसतो. ‘आय डू नॉट डू इट’ या वाक्यात ‘करणे’ फक्त दुसऱ्या ‘डू’त आहे, पहिला नुसता हमाल.

(‘बी’ मात्र या सगळ्याला अपवाद. तो मुख्य क्रियापद असला तरी ‘नॉट’ला थेट जागा देतो: ‘शी इज नॉट टॉल’.)

गंमत म्हणजे ही युक्ती मराठी माणसाला परकी नाही. ‘तू जातोस’ला नकार द्या. ‘तू जातोस नाही’ असं कुणी म्हणत नाही. आपण ‘तू जात नाहीस’ म्हणतो. ‘जातोस’मधला ‘स’ सुटला आणि ‘नाही’ला जाऊन चिकटला. ‘ते जातात’चं ‘ते जात नाहीत’ होतं, तिथे ‘त’ तसाच सरकतो. म्हणजे वर्तमानकाळात मराठीही क्रियापदाच्या पाठीवरचं ओझं उतरवून दुसऱ्याच्या पाठीवर देते. भूतकाळात मात्र ‘गेलो’ आपलं रूप सोडत नाही, आणि ‘वेंट’ची चूक नेमकी तिथूनच येते. शिकवताना ‘जातोस–जात नाहीस’ची जोडी आधी फळ्यावर लिहिली तर अर्धं काम होईल, असं मला वाटतं.

पण हा हमाल इंग्रजीत आला कुठून? एके काळी तो नव्हताच. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नकारासाठी ‘ने’ हा छोटा शब्द क्रियापदाच्या आधी यायचा. तो इतका हलका होता की ऐकताना निसटायचा. मग जोर देण्यासाठी क्रियापदानंतर ‘काहीही नाही’ अशा अर्थाचा आणखी एक शब्द जोडला जाऊ लागला, आपण ‘अजिबात’ जोडतो तसा. तोच शब्द झिजून ‘नॉट’ झाला. काही काळ दोघं सोबत नांदले, नंतर ‘ने’ गळून पडला आणि ‘आय से नॉट’ एवढंच उरलं. फ्रेंचमध्येही हाच प्रवास दिसतो. तिथे ‘ने’च्या मदतीला ‘पा’ आला, ज्याचा मूळ अर्थ ‘पाऊल’. आजच्या बोली फ्रेंचमध्ये ‘ने’ सर्रास गाळला जातो आणि पावलाचा अर्थ पूर्ण विसरलेला ‘पा’ एकटा नकार वाहतो. डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी 1917 मध्ये हा क्रम मांडला आणि पुढे त्याला ‘येस्पर्सनचं चक्र’ असं नाव पडलं.

‘आय से नॉट’मध्ये ‘डू’ शिरला तो पंधराव्या-सोळाव्या शतकांत. तेव्हा तो होकारी वाक्यांतही विनाकारण फिरायचा. ‘ही डिड गो’ म्हणजे साधं ‘तो गेला’, कसलाही जोर नाही. पुढे होकारातून तो हटला आणि प्रश्न व नकार या दोन जागी कायमचा बसला. स्वीडिश अभ्यासक आल्वार एलेगोर्ड यांनी 1953 मध्ये जुन्या मजकुरांतली उदाहरणं मोजून या बदलाचा आलेख काढला. सगळी क्रियापदं एकदम बदलली नाहीत, हे त्यात दिसतं. ‘नो’ म्हणजे जाणणे, ‘डाउट’, ‘केअर’ अशी काही मंडळी बराच काळ अडून बसली. ‘आय नो नॉट’ आजही जुनाट वाटतं, पण कळतं, ते त्यामुळेच.

इंग्रजी मातृभाषा असलेली मुलंही ही यंत्रणा एका दमात उचलत नाहीत. एडवर्ड क्लिमा आणि उर्सुला बेलुगी यांनी 1966 मध्ये लहान मुलांच्या बोलण्यातले टप्पे मांडले. आधी मूल वाक्याला बाहेरूनच ‘नो’ (म्हणजे ‘नाही’) चिकटवतं. मग ‘डोन्ट’ आणि ‘कान्ट’ येतात, पण अखंड ठोकळ्यांसारखे. मुलाच्या भाषेत सुटा ‘डू’ किंवा सुटा ‘कॅन’ अजून आलेलाच नसतो. ते वेगळे झाल्यावरच बाकीचं बस्तान बसतं. आणि हो, ‘डिड नॉट वेंट’च्या जातीची वाक्यं तीही बोलतात.

आता ‘नॉट’चं काय चाललंय ते पाहा. ‘डू नॉट’चं ‘डोन्ट’ झालं, ‘कॅन नॉट’चं ‘कान्ट’. अमेरिकी बोलण्यात ‘कॅन्ट’मधला शेवटचा ‘ट’ बहुतेक वेळा पुरता उच्चारलाच जात नाही. मग ‘जमेल’ आणि ‘जमणार नाही’ यांतला फरक उरतो तो स्वरावर: होकारातला ‘कॅन’ घाईत ‘कन’ होतो, नकारातला ‘अॅ’ ठसठशीत राहतो. फोनवर आवाज तुटत असेल तर एवढ्याशा स्वरावर कोण भरवसा ठेवणार? माणसं थांबतात आणि पूर्ण ‘कॅनॉट’ म्हणतात. हलक्या ‘ने’ला हजार वर्षांपूर्वी जो टेकू लागला होता, तो असाच कधीतरी अशाच घोटाळ्यानंतर लागला असणार.