अभियांत्रिकीचा पसंतीक्रम अर्ज: कटऑफ कसा वाचावा आणि यादी कशी बांधावी

सीईटीचा (एमएचटी-सीईटी या राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेचा) निकाल हाती आला की घरात पहिला प्रश्न निघतो तो "एवढ्या पर्सेंटाइलवर कुठे मिळेल?" हा. प्रश्न रास्त असला तरी त्याचे उत्तर पर्सेंटाइलमध्ये सापडत नाही. अभियांत्रिकीच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये, जागा दिली जाते ती गुणवत्ता यादीतील क्रमांकावर, आणि तीही विद्यार्थ्याचा प्रवर्ग, गृह विद्यापीठ (सर्वसाधारणपणे बारावी ज्या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात झाली ते) आणि त्याने भरलेला पसंतीक्रम यांच्या मेळातून. नाशिकमधील विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा मेळ कसा बसतो आणि त्यावरून शक्यता कशी जोखावी, याची माहिती येथे दिली आहे.

पात्रतेचा भाग थोडक्यात सांगता येतो. बारावीला भौतिकशास्त्र व गणित हे अनिवार्य विषय आणि जोडीला रसायनशास्त्र किंवा नियमांत दिलेल्या विषयांपैकी एक विषय असावा लागतो. या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण आवश्यक असून महाराष्ट्रातील मागासवर्गीय, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातील (ईडब्ल्यूएस) आणि दिव्यांग उमेदवारांसाठी ही अट ४० टक्के आहे. एमएचटी-सीईटीमध्ये शून्याहून अधिक गुण असणेही गरजेचे आहे.

आता पर्सेंटाइल आणि गुणवत्ता क्रमांक यांतील फरक पाहू, कारण बहुतेक चुकीचे अंदाज येथूनच सुरू होतात. पर्सेंटाइल म्हणजे आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणाऱ्यांचे शेकडा प्रमाण. परीक्षेला बसणाऱ्यांची संख्या बदलली की त्याच पर्सेंटाइलचा अर्थही बदलतो. २०२४ मध्ये पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांनी दिली होती, तर २०२५ मध्ये ती सुमारे ४ लाख २२ हजारांनी दिली. म्हणजे २०२४ मध्ये ९५ पर्सेंटाइलच्या विद्यार्थ्यापुढे अंदाजे १४,७०० जण होते आणि २०२५ मध्ये अंदाजे २१,००० जण. यातले सगळेच कॅपसाठी नोंदणी करतात असे नाही, त्यामुळे प्रत्यक्ष गुणवत्ता क्रमांक याहून वरचा, म्हणजे लहान आकड्याचा, येतो. तरीही "मागच्या वर्षी ९५ ला मिळाले होते" हे वाक्य किती फसवे असू शकते, हे यावरून ध्यानात यावे. मागील वर्षाच्या कटऑफ तक्त्यात, म्हणजे त्या जागेवर शेवटी प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, प्रत्येक रकान्यात दोन आकडे असतात, वर गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात पर्सेंटाइल. पालकांची नजर सवयीने कंसाकडे जाते. आपला राज्य गुणवत्ता क्रमांक वरच्या आकड्याशी ताडून पाहावा, हे अधिक विश्वासार्ह.

तक्त्यातील रकान्यांची सांकेतिक नावे पहिल्यांदा पाहणाऱ्याला कोड्यासारखी वाटतात. मात्र त्यांची रचना साधी आहे. नावाचे पहिले अक्षर "जी" असेल तर ती सर्वसाधारण जागा आणि "एल" असेल तर महिलांसाठी राखीव जागा. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर "एच" म्हणजे गृह विद्यापीठ, "ओ" म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरील आणि "एस" म्हणजे राज्यस्तरीय जागा. नाशिक, अहिल्यानगर आणि पुणे हे तिन्ही जिल्हे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. त्यामुळे नाशिकमध्ये बारावी झालेल्या विद्यार्थ्याला पुण्यातील संलग्न महाविद्यालयांत "एच"च्या जागा पुण्याच्या मुलाइतक्याच खुल्या असतात. पुणे म्हणजे आपल्यासाठी "बाहेरचे" असे समजून "ओ"चा रकाना पाहणारे पालक दर वर्षी भेटतात, आणि ते उगाचच निराश होतात. मुंबईतील महाविद्यालयांसाठी मात्र नाशिकच्या विद्यार्थ्याने "ओ"चाच रकाना पाहावा. सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा व्हीजेटीआय यांसारख्या संस्थांत जागा राज्यस्तरावर भरल्या जातात, तिथे "एस" पाहावा.

येथे एक बारकावा जिल्ह्याच्या उत्तर भागातील कुटुंबांनी जरूर तपासावा. राज्यातूनच दहावी-बारावी झालेल्या विद्यार्थ्याचे गृह विद्यापीठ त्याच्या घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, तर बारावी ज्या महाविद्यालयातून उत्तीर्ण झाली त्याच्या ठिकाणावरून ठरते. मालेगावला घर असलेल्या मुलाने बारावी धुळ्यातून केली असेल, तर त्याचे गृह विद्यापीठ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ होते, आणि नाशिक शहरातील महाविद्यालयही त्याच्यासाठी "ओ" ठरते.

एका विद्यार्थ्याला एकाच रकान्यातून जागा मिळू शकते, हाही गैरसमज आहे. समजा, नाशिकमधील एका इतर मागासवर्गीय मुलीचा गुणवत्ता क्रमांक १८,४०० आहे आणि ती पुण्यातील एका महाविद्यालयाच्या संगणक शाखेचा मागील वर्षाचा कटऑफ पाहते आहे. आकडे केवळ समजण्यासाठी घेऊ: जी-ओपन-एच १२,९००, एल-ओपन-एच १५,२००, जी-ओबीसी-एच १७,६०० आणि एल-ओबीसी-एच १९,८००. ही मुलगी चारही रकान्यांसाठी पात्र आहे, आणि चौथ्या रकान्यात तिचा क्रमांक बसतो. तिच्याच इमारतीतला, त्याच क्रमांकाचा, त्याच प्रवर्गातला मुलगा मात्र जी-ओबीसीच्या आठशे क्रमांकांनी बाहेर राहतो. दोघांचे पर्सेंटाइल सारखे, महाविद्यालय तेच, शक्यता मात्र वेगळी. "अमक्याला मिळाले, मग आपल्याला का नाही" या तक्रारीचे उत्तर बहुधा अशा एखाद्या रकान्यात असते.

आणि याच ठिकाणी कागदपत्रांचा प्रश्न शक्यतेच्या प्रश्नाला येऊन मिळतो. वरील मुलीचे नॉन-क्रिमीलेअर (उन्नत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र जर मुदतबाह्य निघाले, तर छाननीत तिचा प्रवर्गाचा दावा टिकत नाही, ती खुल्या प्रवर्गात जाते आणि पहिले दोनच रकाने तिच्यासाठी उरतात; म्हणजे सुरक्षित समजलेला पर्याय एका दिवसात हातचा जातो. हे प्रमाणपत्र ज्या शैक्षणिक वर्षासाठी प्रवेश घ्यायचा त्या वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध असावे लागते, उदाहरणार्थ २०२५-२६ च्या प्रवेशासाठी ३१ मार्च २०२६ पर्यंत. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिला महसूल विभागाकडून मिळतो, दुसरे जात प्रमाणपत्र पडताळणी समितीकडून, आणि दुसऱ्याला लागणारा वेळ पाहता त्याचा अर्ज अकरावीतच केलेला बरा. अलीकडच्या काही वर्षांत पडताळणीच्या अर्जाची पावती तात्पुरती स्वीकारण्यात आली आहे, पण ठरलेल्या मुदतीत मूळ प्रमाणपत्र सादर न झाल्यास राखीव जागेवरील प्रवेश टिकत नाही. यांखेरीज दहावी व बारावीच्या गुणपत्रिका, सीईटीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, वय-अधिवास-राष्ट्रीयत्व प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथे ईडब्ल्यूएस, उत्पन्न किंवा दिव्यांगत्वाचा दाखला लागतो. सर्व कागदांवरील नावाचे स्पेलिंग एकसारखे आहे का, हे सेतू केंद्राच्या रांगेत उभे राहण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

शिक्षण शुल्क माफी योजनेच्या, म्हणजे टीएफडब्ल्यूएसच्या, जागा वेगळ्या असतात. मंजूर प्रवेशक्षमतेच्या ५ टक्के जागा त्यासाठी अधिकच्या दिल्या जातात आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असणाऱ्यांना त्या लागू होतात. साठच्या तुकडीत अशा तीनच जागा येतात, म्हणून त्यांचा कटऑफ नेहमीच्या जागेपेक्षा बराच वर राहतो. या पर्यायाचा संकेतांक स्वतंत्र असतो आणि त्याच्या शेवटी "टी" असते. तोच अभ्यासक्रम साध्या जागेवरही हवा असेल तर दोन्ही संकेतांक यादीत वेगवेगळे भरावे लागतात. इतर मागासवर्ग, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) आणि ईडब्ल्यूएस प्रवर्गातील ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना २०२४-२५ पासून कॅपद्वारे मिळालेल्या प्रवेशात शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. अशा मुलींनी केवळ शुल्कासाठी टीएफडब्ल्यूएसमधील नावडता पर्याय वर घेण्याचे कारण उरत नाही.

कमी जागांच्या रकान्यांबाबत एक सावधगिरी बाळगावी. ज्या रकान्यात एक-दोनच जागा असतात, तिथला कटऑफ म्हणजे एखाद्या विद्यार्थ्याचा योगायोग असतो. निदान दोन-तीन वर्षांचे आकडे शेजारी मांडून, आणि फेरी कोणती हे पाहूनच अंदाज बांधावा. कॅपच्या फेऱ्या २०२५-२६ पासून तीनऐवजी चार झाल्या आहेत. २०२४ ची शेवटची फेरी ती तिसरी, त्यामुळे त्यापूर्वीचे आकडे नव्या वेळापत्रकाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

यादीच्या क्रमाबद्दलचा गैरसमज तर फारच चिवट आहे. एखादे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकले तर ते आपल्याला आधी मिळते, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात जागावाटप गुणवत्ता क्रमांकानुसार होते: आपली पाळी आली की संगणक आपली यादी वरून खाली वाचतो आणि ज्या पहिल्या पर्यायात जागा उरली असेल ती देतो. तेच महाविद्यालय चाळिसाव्या क्रमांकावर लिहिणारा विद्यार्थी आपल्यापुढे असेल, तर जागेवर त्याचाच हक्क आधी. म्हणून क्रम लावावा तो निखळ आवडीने, आणि शक्यतेचा विचार करावा तो यादी किती खालपर्यंत न्यायची हे ठरवताना. अर्जात ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. वीस-पंचवीसांवर थांबून रिकाम्या हाताने फेरी संपवण्याचे काही कारण नाही.

या नियमाला मुरड घालणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे सक्तीचे फ्रीझिंग. पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी कोणताही आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कोणताही पर्याय मिळाला, तर तो स्वीकारणे बंधनकारक ठरते आणि पुढील फेऱ्यांची वाट बंद होते. जागा नाकारली तरी पुढच्या कॅप फेऱ्यांत सहभागी होता येत नाही. त्यामुळे "सुरक्षित असावे" म्हणून घराजवळचे महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर ठेवणाऱ्याचा प्रवेश पहिल्याच फेरीत तिथे पक्का होतो, मग क्रमांक कितीही वरचा असो. याउलट पहिल्या फेरीत आवाक्याबाहेरचे वाटणारे पर्याय वर ठेवण्याने काहीच बिघडत नाही. त्याखालचा पर्याय मिळाल्यास जागा स्वीकारून बेटरमेंटची निवड करता येते. पुढच्या फेरीत वरचा पर्याय मिळाला तर आधीची जागा आपोआप रद्द होते, न मिळाल्यास ती कायम राहते.

यादीच्या तळाशी कोणते पर्याय असावेत, हे नकाशा पाहून ठरवावे. पंचवटीतले के. के. वाघ किंवा गंगापूर रोडवरचे मविप्रचे महाविद्यालय सिडकोतल्या मुलाला रोजच्या जाण्यायेण्याचे आहे. चांदवडचे अंतर ६० किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणजे तिथे वसतिगृहाचा किंवा पहाटेच्या बसचा हिशेब आला. जिथे जागा मिळाली तरी जाणार नाही, ते नाव यादीत लिहूच नये. कटऑफ कितीही सोयीचा दिसला तरी.

अर्ज भरून झाल्यावर तो स्वतःच्या लॉगिनमधून कन्फर्म करावा लागतो, नुसता सेव्ह केलेला अर्ज वाटपात धरला जात नाही. सायबर कॅफेत भरला असेल तर पासवर्ड आणि ओटीपी दुसऱ्याच्या हाती देऊ नये, आणि कन्फर्म झालेल्या अर्जाची प्रत घरी नेण्याआधी तिथेच उभे राहून, आपल्या वहीतील क्रमाशी एकेक ओळ जुळवून पाहावी.