कलासंस्थेला कंपनीचा सीएसआर निधी : पात्रता, कागदपत्रं आणि कंपनीच्या नावाचा प्रश्न

नाटकाच्या पत्रिकेवर तळाशी ‘अमुक कंपनीच्या सौजन्याने’ छापायचं आणि चेक घ्यायचा, ही आपल्याकडची जुनी पद्धत. साहेबांना नाटकाची आवड असेल तोवर चेक यायचा, साहेब बदलले की थांबायचा. कंपनी कायदा २०१३चं कलम १३५ १ एप्रिल २०१४ पासून लागू झालं आणि मोठ्या कंपन्यांसाठी सामाजिक कामावरचा खर्च कायद्यात आला. यालाच सीएसआर, म्हणजे कंपनीची सामाजिक जबाबदारी म्हणतात. या कायद्याच्या सातव्या परिशिष्टात, म्हणजे हा खर्च कोणत्या कामांवर करता येतो त्या यादीत, कला आणि संस्कृतीचं जतन, पारंपरिक कला आणि हस्तकलांचा विकास हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगणं), सावंतवाडीचा गंजिफा (हाताने रंगवलेले खेळाचे पत्ते), दशावतार, शाहिरी हे सगळं त्यात बसतं. तरीही आपल्या संस्था अजून ओळखीपाळखीवरच पैसे मागत फिरतात, याचं मला वाईट वाटतं.

कोणत्या कंपनीकडे जायचं? मागच्या आर्थिक वर्षात जिचं नक्त मूल्य (मालमत्तेतून देणी वजा जाता उरणारं) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त होता, तिला हा नियम लागू. तिन्हींपैकी एक अट पुरे. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम तिने खर्च करायची असते. म्हणजे सरासरी ६ कोटी नफा असलेल्या कंपनीचे वर्षाला १२ लाख. जिथे ही रक्कम ५० लाखांपर्यंत असते तिथे वेगळी सीएसआर समिती लागत नाही, निर्णय थेट संचालक मंडळ घेतं. शिवाय कंपनी जिथे काम करते त्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. म्हणून मुंबईच्या मोठ्या नावामागे धावण्याआधी आपल्याच तालुक्याच्या एमआयडीसीत चौकशी करा.

आता आपली पात्रता. संस्था नोंदणीकृत सार्वजनिक न्यास, सोसायटी किंवा कलम ८ची, म्हणजे नफा न वाटणारी कंपनी हवी. आयकर खात्याच्या, आपण १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करसूट) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) म्हणून ओळखतो त्या नोंदण्या हव्यात, आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव हवा. एकट्या कलाकाराला किंवा नोंदणी नसलेल्या फडाला हे पैसे घेऊन प्रकल्प राबवता येत नाही. त्यांनी पात्र संस्थेला सोबत घ्यावं. अनुभव दाखवायला लेखापरीक्षण अहवाल, कार्यक्रमांच्या पत्रिका, वर्तमानपत्रांतली कात्रणं तारखेनुसार लावून ठेवा.

खरी अडचण येते धर्मादाय आयुक्त कार्यालयाच्या परिशिष्ट एकवर, म्हणजे न्यासाच्या विश्वस्तांची नावं असलेल्या तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर. एका दशावतारी मंडळाचे कागद घेऊन मी त्यांच्या पडवीत बसलो होतो. परिशिष्टावर सात विश्वस्त, त्यातले तीन केव्हाच देवाघरी गेलेले. अध्यक्ष म्हणून सह्या करणाऱ्या गृहस्थांचं नावच त्यावर नव्हतं. चाळीस वर्षं रात्र-रात्र खेळ करणारी माणसं ती, कागदावर मात्र त्यांची संस्था थांबलेली होती. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत बदल अर्ज द्यायचा असतो. तो राहिला असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी हेच काम करा, कारण ते मंजूर व्हायला वेळ लागतो.

त्यानंतर सीएसआर-१ अर्ज, म्हणजे सीएसआरचं काम घेणाऱ्या संस्थेची नोंदणी. १ एप्रिल २०२१ पासून ही नोंदणी सक्तीची आहे आणि ती कंपनी कार्य मंत्रालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होते. संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र, संस्थेचा पॅन, विश्वस्तांचे तपशील आणि पॅन, सही करणाऱ्याला अधिकार देणारा ठराव आणि त्याची डिजिटल सही हे सगळं जमवा. अर्जावर सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटचीही डिजिटल सही लागते. पॅनवर ‘मंडळ’ आणि प्रमाणपत्रावर ‘मंडळी’ असला फरक आधीच दुरुस्त करून घ्या. अर्ज झाला की सीएसआर ही अक्षरं आणि पुढे आठ आकडे असा क्रमांक मिळतो. प्रस्तावाच्या पहिल्या पानावर तो ठळक लिहा.

प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीत द्यावा, कारण कंपन्यांचा वार्षिक आराखडा एप्रिलपासूनच्या वर्षासाठी ठरतो. एका रात्रीच्या प्रयोगापेक्षा वर्षभराचं प्रशिक्षण, जुन्या पोथ्यांचं आणि चित्रांचं जतन, गावोगावचे खेळ असं काम मांडा. एका वर्षात न संपणारा ‘चालू प्रकल्प’ सुरुवातीचं वर्ष सोडून पुढे तीन वर्षांपर्यंत नेता येतो.

राहिला नावाचा प्रश्न, आणि इथेच बहुतेक संस्था घोटाळा करतात. उत्पादनाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेलं प्रायोजकत्व सीएसआरमध्ये धरलं जात नाही. तेव्हा रंगमंचामागे कंपनीच्या मालाचा बॅनर, मध्यंतरात विक्रीचा स्टॉल असली आश्वासनं प्रस्तावात लिहू नका. कंपनीला जाहिरातच हवी असेल तर तो व्यवहार वेगळा करा आणि त्याचं बिल वेगळं फाडा. पण कृतज्ञता व्यक्त करायला कायद्याची आडकाठी नाही. पत्रिकेवर साधा ऋणनिर्देश, खेळाआधी सूत्रधाराने दोन वाक्यांत मानलेले आभार, शिकलेल्या मुलांच्या हातची पत्रं हे सगळं करावं आणि मनापासून करावं. कंपनीलाही आपल्या वार्षिक अहवालात सीएसआर खर्चाची माहिती द्यावी लागते, वेबसाइट असेल तर मंजूर प्रकल्प तिथेही मांडावे लागतात. त्यासाठी नीट काढलेले फोटो आणि अचूक आकडे आपणच पाठवावेत.

पैसे ठरलेल्या कामावरच खर्च झाले, हे कंपनीच्या वित्त प्रमुखाला प्रमाणित करावं लागतं. म्हणून या निधीची खतावणी वेगळी ठेवा. पखवाजाच्या शाईपासून टेम्पोच्या भाड्यापर्यंत प्रत्येक पावती त्याच फाइलला लावा आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे कशावर खर्च झाले त्याचा दाखला) कंपनीने मागायची वाट न पाहता मार्चअखेर पाठवून द्या.