मेन्टोन नुसतं नावापुरतं नाही

‘लोकवस्ती 22, तरी काउंटीचं मुख्यालय, म्हणजे कारभार कागदावरच!’ अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या मेन्टोन या गावाबद्दल हे वर्षानुवर्षं ऐकू येतं. (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग.) 2020च्या जनगणनेतला आकडा बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा. गावात 1935 सालचं कोर्टहाऊस आहे. शेरीफ म्हणजे पोलीसप्रमुख, चार कमिशनर आणि काउंटी जज आहेत. हा जज नावाने न्यायाधीश असला तरी मुख्यतः कारभारच पाहतो. मेन्टोन जिचं मुख्यालय आहे त्या अख्ख्या लव्हिंग काउंटीत त्याच जनगणनेत माणसं 64. मग पैसा कुठून? जमिनीखालून. 1920च्या दशकात तेल लागलं, आणि तेल-वायूवरच्या मालमत्ता कराने तिजोरी भरते. कागदी कारभाराचा काळ जुना: 1893 साली उभी केलेली काउंटी 1897 मध्ये मोडीत निघाली, 1931 मध्ये पुन्हा उभी राहिली. आणि हो, ‘लव्हिंग’ म्हणजे प्रेमळ नव्हे. गुरांचे तांडे हाकणाऱ्या ऑलिव्हर लव्हिंगचं ते आडनाव.