द लास्ट स्टेशन (चित्रपट)

द लास्ट स्टेशन : रशियन कादंबरीकार टॉलस्टॉय आणि त्यांची पत्नी सोफिया यांच्या वादळी संसाराचे अखेरचे वर्ष दाखवणारा इंग्रजी चित्रपट (२००९). दिग्दर्शक मायकेल हॉफमन. जे परीनी यांच्या १९९० सालच्या कादंबरीवर आधारित. टॉलस्टॉयच्या भूमिकेत क्रिस्टोफर प्लमर, सोफियाच्या भूमिकेत हेलन मिरेन. दोघांनाही ऑस्करचे नामांकन मिळाले, पारितोषिक मात्र हुकले.

भांडण नवरा-बायकोचे दिसते, पण ते पेटले मृत्युपत्रावरून. १८८१ नंतरच्या लेखनावरचा हक्क टॉलस्टॉय यांनी १८९१ मध्ये सोडून दिला होता. त्याआधीच्या पुस्तकांचे, म्हणजे ‘वॉर अँड पीस’ आणि ‘ॲना कॅरेनिना’चे, उत्पन्न सोफियाच्या हाती राहिले. शिष्योत्तम चेर्त्कोव यांना तेही जनतेसाठी मोकळे हवे होते. जुलै १९१० मध्ये टॉलस्टॉय यांनी रानात एका बुंध्यावर बसून, बायकोला पत्ता लागू न देता मृत्युपत्रावर सही केली. बापाने परस्पर जमीन दुसऱ्याच्या नावावर केल्याचे उताऱ्यावर पाहून ज्याने बेळगाव-खानापूरच्या कोर्टात खेपा घातल्या, त्याला सोफियाचा संताप वेगळा समजावून सांगायला नको. अठराव्या वर्षी लग्न होऊन आलेल्या या बाईची तेरा बाळंतपणे झाली, आणि ‘वॉर अँड पीस’चे खर्डे तिने स्वतःच्या हाताने पुन्हा पुन्हा उतरवून काढले होते.

चित्रपट तिच्या बाजूने झुकतो. मिरेन बशा फोडते, चेर्त्कोवच्या फोटोवर गोळ्या झाडते, आणि त्याच बाईच्या आर्जवाला भुलून म्हातारा टॉलस्टॉय शेजघरात कोंबड्यासारखा आरवतो. हा प्रसंग सगळ्यांत खरा वाटतो. दोघांना एकमेकांशिवाय का राहवत नव्हते, हे तिथे कळते. चेर्त्कोवला मात्र मिशीला पीळ देणारा खलनायक करून टाकले आहे. सगळे पाहणारा तरुण चिटणीस बुल्गाकोव. त्याचे प्रेमप्रकरण बेतास बात.

२८ ऑक्टोबर १९१० रोजी (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे) टॉलस्टॉय यांनी रात्रीच घर सोडले. वाटेत आजारी पडून अस्तापोवो स्टेशनच्या मास्तरांच्या घरी दहा दिवसांनी त्यांचे निधन झाले. त्यांची शुद्ध हरपेपर्यंत सोफियाला आत सोडले नाही. खिडकीतून डोकावणाऱ्या सोफियाची त्या वेळची चित्रफीत उपलब्ध आहे.

सीमाभागात टॉलस्टॉय पोचले ते मुख्यतः गांधीजींच्या वाटेने. त्याच १९१० साली गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेत ‘टॉलस्टॉय फार्म’ काढला. पुढे डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात टिळकवाडीला काँग्रेसचे अधिवेशन भरले; गांधीजींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव. त्यामुळे इकडे टॉलस्टॉय म्हटले की ऋषीच डोळ्यांपुढे येतो. या ऋषीच्या घरात काय चालले होते, हे चित्रपट दाखवतो.

मराठी प्रेक्षकाला हटकून आठवते ते सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ (१९९०). टिळकवाडीतल्याच राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात पु. ल. देशपांडे काही काळ प्राध्यापक होते. तुलना मात्र फार ताणू नये. सुनीताबाईंनी नवऱ्याच्या हयातीत, आपल्या नावाने, संसाराचा हिशेब मांडला. आणि लेखनाचा पैसा समाजाला देऊन टाकण्याच्या कामात त्या पुलंच्या बरोबरीने होत्या. सोफियाच्या घरी नेमके यावरूनच बिनसले.