व्हीआर हेडसेट पॉवर प्लांटमधे आला कुठून?

प्लांटमधे व्हीआर (डोळ्यांवर हेडसेट चढवून दिसणारं आभासी जग) ट्रेनिंग म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं गेमिंगवाल्यांनी न खपलेला माल कंपन्यांच्या गळ्यात मारलाय. हेडसेटपुरतं ते थोडंफार खरंही आहे. पण खोटा प्लांट उभारून त्यात माणसं तयार करायची ही गरज खूप जुनी, आणि त्यात पहिल्यापासून एक भेदभाव आहे: कंट्रोल रूमच्या पॅनलवर बसणाऱ्याला सिम्युलेटर मिळाला, पाना धरणारा मात्र उस्तादाच्या मागे उभा राहून बघत बघतच शिकला.

मूळ कल्पना विमानवाल्यांची. अमेरिकेत बिंगहॅम्टनला एडविन लिंकच्या घरचा ऑर्गन आणि पियानोचा कारखाना होता, त्याने १९२९ च्या सुमारास ऑर्गनचेच भाते नि पंप वापरून जमिनीवर डुलणारं नकली विमान बनवलं, आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात हजारो पायलट असल्याच डब्यांत बसून शिकले. वीजवाल्यांनी तेच उचललं, म्हणजे कंट्रोल रूमची हुबेहूब नक्कल आणि मागे कॉम्प्युटर.

मग आला २८ मार्च १९७९. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातलं थ्री माईल आयलंड अणुवीज केंद्र, युनिट २, पहाटे चार. ही गोष्ट नेहमी कंट्रोल रूमपासून सांगतात पण सुरुवात बाहेर फील्डवर झाली होती, तिथे माणसं पाणी शुद्ध करणाऱ्या पॉलिशरमधे अडकलेलं रेझिन (पाणी शुद्ध करणारे दाणे) मोकळं करत होती, त्या खटपटीत पाणी उपकरणं चालवणाऱ्या हवेच्या लाईनमधे शिरलं आणि वाफेसाठी पाणी पुरवणारे फीडवॉटर पंप ट्रिप झाले, म्हणजे आपोआप बंद पडले. इमर्जन्सी फीडवॉटरचे व्हॉल्व्ह बंदच होते, दोन दिवसांपूर्वीच्या टेस्टिंगनंतर ते तसेच राहिले असावेत असं पुढे चौकशीत मानलं गेलं. तेवढ्यात प्रेशरायझरवरचा (रिॲक्टरच्या पाण्याचं प्रेशर सांभाळणाऱ्या टाकीवरचा) रिलीफ व्हॉल्व्ह उघडाच अडकला, आणि पॅनलवरचा दिवा सांगत होता की बंद करायची कमांड गेलीये, व्हॉल्व्ह खरंच बंद झालाय की नाही ते सांगणारा दिवाच नव्हता. प्रेशरायझरमधल्या पाण्याची लेव्हल वाढतेय, प्रेशर पडतंय, ऑपरेटरना वाटलं पाणी जास्त झालं आणि त्यांनी इमर्जन्सी पाणी कमी केलं. रिॲक्टरच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला.

या अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी कमिशनने नंतर जे लिहिलं ते मला सगळ्यात जास्त लागतं. ऑपरेटर ज्या सिम्युलेटरवर शिकले होते त्याला लेव्हल वर आणि प्रेशर खाली असं एकाच वेळी दाखवताच येत नव्हतं. म्हणजे घात झाला तो नेमका न शिकवलेल्या धड्यात. त्यानंतर ऑपरेटर ट्रेनिंगचा जोर प्रचंड वाढला, प्रत्येक अणुकेंद्राला स्वतःच्या कंट्रोल रूमसारखाच सिम्युलेटर हवा इथपर्यंत गोष्ट गेली. पॉलिशरवर काम करणाऱ्या माणसासाठी तसलं काही आलं नाही. का, तर पॅनल हा एका खोलीत मावतो, अख्खा प्लांट कसा मावणार!

तो मावायला डोळ्यांवर बसणारा पडदा लागतो, आणि त्याची वाट वेगळीकडूनच आली. आयव्हन सदरलँडने १९६८ मधे डोक्यावर घालायचा डिस्प्ले दाखवला, इतका जड की छतालाच टांगला होता. ऐंशीच्या दशकात जॅरन लॅनिअरच्या व्हीपीएल कंपनीने हेडसेट आणि हातमोजे विकायला काढले, किमती मात्र सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर. मेंटेनन्सच्या दृष्टीने खरा टर्न १९९० नंतर. बोइंगमधे टॉम कॉडेल आणि डेव्हिड मिझेल यांना विमानातल्या वायरींचे जुडगे (वायर हार्नेस) बांधणाऱ्या कामगाराच्या नजरेसमोरच कुठली वायर कुठून जाते ते दाखवायचं होतं, ऑगमेंटेड रिॲलिटी (खऱ्या दृश्यावरच माहिती चढवून दाखवणं) हा शब्द तिथूनच रूढ झाला. १९९३ मधे कोलंबिया युनिव्हर्सिटीत स्टीव्हन फायनर आणि मंडळींनी लेझर प्रिंटरची देखभाल चष्म्यातून शिकवून दाखवली. प्रिंटर! पण आज पंपाच्या कपलिंगवर बाण दाखवणारं जे ॲप विकतात त्याचा आजोबा तोच.

वीज कंपन्याही तेव्हा झोपल्या नव्हत्या. कॅनडाच्या हायड्रो-क्युबेकने नव्वदच्या दशकातच सबस्टेशन ऑपरेटरना आभासी स्विचयार्डात फिरवून स्विचिंग शिकवायचा प्रयोग केला. मेक्सिकोत वीज चालू असलेल्या लाईनवर काम करणाऱ्या लाईनमनसाठी थ्रीडी सिस्टिम बनली, आणि ही मला सगळ्यात पटणारी केस आहे, कारण तिथे चुका करत शिकायची सोय नाही. नॉर्वेतल्या हाल्डेनच्या अणुसंशोधन केंद्रातल्या मंडळींनी रशियातल्या लेनिनग्राड अणुकेंद्राच्या रिफ्युएलिंग (इंधन बदलायच्या) मशीनसाठी व्हीआर ट्रेनर केला. रेडिएशनच्या जागी जितकी मिनिटं कमी तितका डोस कमी, म्हणून आधी खोट्या जागेत हात बसवायचा, सरळ हिशोब.

मग ही गोष्ट तेव्हा सगळीकडे का पसरली नाही? पैसा. ते पुढे बदललं. २०१२ मधे हेडसेट बनवणाऱ्या ऑक्युलसने किकस्टार्टर या वेबसाईटवर लोकांकडून पैसे उभे केले, २०१४ मधे फेसबुकने ती कंपनी विकत घेतली, २०१६ मधे मायक्रोसॉफ्टची होलोलेन्स (ऑगमेंटेड रिॲलिटीचा चष्मा) डेव्हलपरांच्या हातात आली, आणि ज्याला आधी अख्खी लॅब लागायची ते एका बॅगेत मावायला लागलं.

आपल्याकडे कायदा तसा जुनाच आहे, वीजनिर्मिती केंद्रात ठरलेलं ट्रेनिंग झाल्याशिवाय ऑपरेशन किंवा मेंटेनन्सला माणूस लावायचा नाही. म्हणजे कागदावर फिटर आणि ऑपरेटर एकाच ओळीत. नागपूरला एनपीटीआय (नॅशनल पॉवर ट्रेनिंग इन्स्टिट्यूट), कोराडीला राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीचं म्हणजे महाजनकोचं ट्रेनिंग सेंटर, असल्या जागांमुळे विदर्भातल्या पोरांना सिम्युलेटर हा शब्द नवा नाही. पण कोल मिल (कोळसा दळायची गिरणी) उघडायची, ब्रेकर रॅक-आऊट करायचा म्हणजे पॅनलमधून बाहेर ओढायचा, परमिट घेऊन आयसोलेशन, म्हणजे वीज-पाणी-वाफ नीट तोडलीये का, ते तपासायचं, हे अजूनही बहुतेक ठिकाणी शटडाऊनच्या गर्दीतच शिकतात, तेही सिनियर चिडलेला नसेल तर.

आणि मॉडेल बनवायला बसलं की वेगळीच गंमत. पंचवीस वर्षांत पाईपलाईन तीनदा वळवलेली असते, ड्रॉइंगवर मात्र पहिल्या दिवशीचीच, मग लेझर स्कॅनर घेऊन प्रत्यक्ष फिरावं लागतं. त्यात प्लांट चालतो तीस-चाळीस वर्षं, आणि होलोलेन्स २ चं उत्पादन २०२४ मधे बंद झालं, ती बाजारात आली होती २०१९ ला.