१९९१ चा जुलै : दप्तरातला आणि आठवणींतला

१ आणि ३ जुलै १९९१ रोजी रिझर्व्ह बँकेने रुपयाचे दोन टप्प्यांत अवमूल्यन केले, एवढे दप्तर सांगते. पहिल्या टप्प्यानंतर पंतप्रधान पी. व्ही. नरसिंह राव अस्वस्थ झाले. दुसरा टप्पा थांबवावा, हे सांगण्यासाठी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी ३ जुलैच्या सकाळी डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांना दूरध्वनी केला, पण तोवर मुंबईत नवा दर जाहीर होऊन गेला होता. ही हकीकत आपल्याला कळली ती त्या प्रसंगातल्या माणसांनी पुढे सांगितली म्हणून.

या दूरध्वनीमागे वर्षभराची ओढाताण होती. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केल्यावर तेल महागले, आखातातून येणारा पैसा आटला आणि अनिवासी भारतीय आपल्या ठेवी काढून घेऊ लागले. जून १९९१ पर्यंत परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरती उरली.

सोन्याचा निर्णय त्याआधीच सुरू झाला होता. चंद्रशेखर यांच्या काळजीवाहू सरकारात यशवंत सिन्हा अर्थमंत्री असताना, मे महिन्यात, स्टेट बँकेमार्फत जप्तीचे २० टन सोने पुनर्खरेदीच्या अटीवर स्वित्झर्लंडच्या बँकेला विकले गेले. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने आपले सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून सुमारे ४० कोटी डॉलर उभे केले. घरातले सोने गहाण पडण्याची बोच आपल्याकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही, गव्हर्नर एस. वेंकिटरमणन आणि त्यांचे सहकारी ती साऱ्या देशाच्या वतीने सोसत होते. त्या वेळी अर्थ मंत्रालयात असलेले वाय. व्ही. रेड्डी यांनी पुढे सांगितलेल्या आठवणीत, हे सोने विमानतळाकडे नेताना एक वाहन वाटेतच बंद पडले आणि पहारेकऱ्यांची एकच धावपळ उडाली. टनांचे आणि डॉलरांचे आकडे कितीही अचूक असले, तरी त्या रस्त्यावरची धास्ती त्यांतून कळत नाही.

अशा कथनांवर डोळे झाकून विसंबता येत नाही, हेही तितकेच खरे. २४ जुलैचा अर्थसंकल्प यशस्वी ठरल्याचे ठाऊक असलेली व्यक्ती आपली तेव्हाची द्विधा नकळत कमी करून सांगते, आणि जुलैच्या तेजात मे महिन्यातल्या सरकारचा वाटा झाकोळून जातो. म्हणून प्रत्येक आठवण तारीखवार कागदाशी ताडून पाहावी लागते. पुण्यातील कृषी बँकिंग महाविद्यालयाच्या आवारात असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या अभिलेखागारासारख्या जागांचे मोल इथे विशेष आहे.

वेंकिटरमणन २०२३ मध्ये गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मनमोहन सिंगही गेले. आता त्या फायली हाताळणारे कनिष्ठ अधिकारी आणि सोन्याच्या पेट्यांबरोबर गेलेले कर्मचारी यांच्याकडे, ते आहेत तोवर, ध्वनिमुद्रक घेऊन जायला हवे.