ज्वरशामक औषधे, लहान मुलांची

मुलांचा ताप उतरवण्यासाठी द्यायची औषधे. आजार त्यांनी बरा होत नाही. ताप उतरला की पोर जरा तरतरीत होते, पाणी पिते, झोपते. तापातले झटके त्यांनी टळतात हा समज खरा नाही.

पहिली पसंती पॅरासिटामॉलला. मात्रा वजनावर ठरते: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन मात्रांत ४ ते ६ तासांचे अंतर. घोळ होतो तो बाटलीपाशी. एकाच औषधाचे सिरप ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅमचे मिळते, २५० चेही मिळते आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स एका मिलिलिटरलाच १०० मिलिग्रॅमचे असतात. दहा किलोच्या बाळाला १२० चे ५ मिलिलिटर बरोबर. तेवढेच ड्रॉप्स पाजले तर ५०० मिलिग्रॅम पोटात जातात. ‘एक चमचा द्या’ एवढ्या सल्ल्यावर भागत नाही ते यामुळे. सर्दीच्या बऱ्याच सिरपांतही पॅरासिटामॉल असते, तेही मोजायला हवे.

आयबुप्रोफेन आणि घरोघरी रुळलेले मेफेनॅमिक ॲसिड ही सूज-वेदनाही कमी करणाऱ्या एकाच गटातली औषधे. नागपुरात पावसाळ्यात आणि त्यानंतर डेंग्यू फिरत असतो. त्याची शंका असेल तर रक्तस्रावाच्या भीतीने ही दोन्ही टाळतात. ॲस्पिरिन मुलांना तापासाठी देत नाहीत, कारण रे सिंड्रोमचा, म्हणजे मेंदू आणि यकृताला इजा करणाऱ्या दुर्मिळ आजाराचा धोका. निमेसुलाइड या ताप-वेदनेवरच्या औषधाला भारतात १२ वर्षांखाली २०११ पासून बंदी आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो तेव्हा प्रश्नच वेगळा होतो. एरवीच्या तापात मेंदू तापमानाची पातळी वर चढवतो आणि पॅरासिटामॉल ती खाली आणते. ऊन लागून तापलेल्या मुलाच्या मेंदूने ती चढवलेली नसते, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. म्हणून पॅरासिटामॉल तिथे निकामी. सावली, ओले कापड, पंखा आणि तातडीने दवाखाना. मूल शुद्धीत असेल तरच पाणी किंवा पन्हे पाजावे. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश सेल्सिअस ताप आला, तर ऋतू कुठलाही असो, घरी औषध देत बसू नये.

२०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याहून मूत्रपिंडे निकामी झालेली मुले नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली. त्यांतली अनेक दगावली. त्यांना दिलेल्या कोल्ड्रिफ या सर्दीच्या सिरपमध्ये पॅरासिटामॉल आणि फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन ही सर्दीवरची औषधे होती. घात केला तो मात्र यांपैकी कशानेच नाही: तामिळनाडूतल्या तपासणीत त्यात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी द्रावक सापडले.